डँपर हवा तो पार्किंगमध्ये

आमच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्येच भरते. वेगळं सभागृह वगैरे काही नाही. दोन-चार गाड्या रस्त्यावर काढायच्या, खांबांच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या आणि सचिवांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. फोंड्यातल्या निम्म्या सोसायट्यांचं असंच चालतं. गेल्या सभेत लिफ्टच्या देखभालीवरचं भांडण संपलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मोबाईल पुढे केला. तो पर्वरीला नवा फ्लॅट बघून आला होता. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, जिम, क्लब हाऊस आणि त्याच रांगेत ‘भूकंपापासून संरक्षणासाठी स्टील डँपर’.

“काका, आपल्याकडे हे बसवता येईल?”

आमच्या खजिनदारांना थोडं कमी ऐकू येतं. “डंपर? खाणी सुरू झाल्या काय परत?” म्हणाले. सभा तिथेच हसण्यावारी गेली आणि माझं उत्तर राहून गेलं. मी तीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतोय, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे लागतं. ते इथे देतो. बसवता येईल. किंबहुना डँपरची गरज आहे ती आमच्यासारख्या जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. पर्वरीच्या त्या नव्या इमारतीत तो नसला तरी फारसं बिघडणार नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण नावाने उगाच दबकायला होतं. साइटवर सळया बांधायला वापरतात ती बायंडिंग वायर घ्या. एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे भराभर वाकवा आणि दहा-बारा वेळा वाकवून झाल्यावर त्या जागी बोट लावा. ऊब लागते. तुमच्या हाताने जे श्रम केले ते त्या वाकलेल्या जागेत उष्णता होऊन संपले. आणखी वाकवत राहिलात तर तार तुटेल, पण तुटायच्या आधी तिने बरंच काही पोटात घेतलेलं असतं. भूकंपात जमीन इमारतीला जी ऊर्जा देते तीही अशीच कुठेतरी संपवावी लागते. डँपर नसेल तर ती खांब-बीमच्या जोडात संपते, म्हणजे काँक्रीट फुटतं, सळया वाकतात आणि कधी कधी मजलाच खाली बसतो. डँपर असेल तर ती लोखंडाच्या अशा तुकड्यात संपते, ज्याचं कामच वाकणं आहे.

त्या तुकड्याच्या अनेक तऱ्हा आहेत. मला सगळ्यात आवडते ती डमरूच्या आकाराच्या पट्ट्यांची. दोन खांबांच्या मध्ये जमिनीपासून उलट्या व्हीसारखे दोन तिरपे आधार उभे करायचे. त्यांचा शेंडा आणि वरचा बीम यांच्यामध्ये थोडी फट ठेवायची आणि त्या फटीत या पट्ट्या, एकीमागे एक, बोल्टने आवळून बसवायच्या. मजला डावीकडे सरकला की पट्टीचं वरचं टोक डावीकडे जातं, खालचं जागच्या जागी राहतं. अशा वाकण्यात जोर असतो दोन्ही टोकांना, मधोमध काहीच नसतो. म्हणून पट्टी टोकांना रुंद आणि कमरेत बारीक. जिथे जोर तिथे लोखंड, त्यामुळे अख्खी पट्टी एकदम नमते आणि एकाच जागी तुटत नाही. वायरमन याला फ्यूज म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल. मोठा भूकंप होऊन गेला की पट्ट्या तपासायच्या, थकलेल्या असतील तर बोल्ट सोडून नव्या घालायच्या.

यात तेल नाही, वीज नाही, गळणारं सील नाही. कल्पना न्यूझीलंडची. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंड वाकवून, पिळून किती ऊर्जा संपवता येते याचे प्रयोग केले, आणि १९८१ साली साउथ रांगितिकेई नदीवरच्या उंच रेल्वे पुलाच्या खांबांच्या पायाशी असे पिळले जाणारे डँपर बसवले. पुढे १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने या प्रकाराचा भरपूर वापर केला. माहितीपत्रकं वाचून गैरसमज होतो म्हणून मुद्दाम सांगतो, या वस्तूची सुरुवात आलिशान मनोऱ्यात झालेली नाही. सरकारी पैशाने, रेल्वेच्या पुलावर झाली.

आता नेहमीचा प्रश्न. गोव्यात कुठे आलाय भूकंप?

माझ्या आईला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. चार वाजून गेले होते, मांडणीवरची पितळेची भांडी आपोआप वाजू लागली. घरातल्यांना वाटलं मांजर शिरलं. तो कोयनेचा भूकंप, ६.३ तीव्रतेचा. तोवर दख्खनचं पठार म्हणजे हलायचं नाही अशी समजूत होती. कोयनेनंतर देशाचा भूकंप-नकाशा पुन्हा आखावा लागला. मग ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झाली. किल्लारी तेव्हा पहिल्या पट्ट्यात होती, म्हणजे नकाशाच्या लेखी देशातल्या सर्वांत सुरक्षित भागात. साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली. गोवा पहिल्या पट्ट्यातही नाही. आपण तिसऱ्यात आहोत, मध्यम धोक्याच्या.

मध्यम म्हणजे काय हे अहमदाबादला विचारावं. तेही तिसऱ्याच पट्ट्यातलं शहर. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाचं केंद्र भचाऊजवळ, अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पणजीपासून कोयनाही जवळपास तितकीच लांब. तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या आणि सातशेवर लोक मेले. पडलेल्यांतल्या बऱ्याच इमारतींची तऱ्हा एकच होती: खाली नुसते खांब आणि गाड्या, वर भिंतींनी भरलेले मजले.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर मी लोकांना घाबरवून धंदा करतोय असं होईल. भूजचा धक्का ७.७ चा होता. कोयनेच्या मानाने त्यातली ऊर्जा शंभरपटीहून जास्त. कोयनेला पुन्हा ६.३ चा धक्का बसला तर पणजीत अहमदाबाद होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, बुजवून, भराव टाकून इमारती उभ्या राहिल्यात आणि मऊ जमीन लांबून आलेलं हेलकावणं वाढवते. १९८५ साली मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरहून लांबच्या भूकंपाने कोसळली ती जुन्या तळ्याच्या गाळावर बसल्यामुळे. शिवाय टणक जांभ्यावर उभी असली तरी नुसत्या खांबांवरची इमारत पडायला फार मोठा धक्का लागत नाही. तिचा दोष तिच्याच पोटात असतो.

तो दोष बघायचा तर आमच्याच पार्किंगमध्ये या. वरच्या चार मजल्यांत प्रत्येक घराला चिऱ्याच्या नाहीतर ब्लॉकच्या भिंती आहेत. हिशेबात त्या धरलेल्या नसल्या तरी प्रत्यक्षात त्या मजल्याला ताठ ठेवतात. पार्किंगमध्ये भिंतच नाही. धक्का बसला की वरचे चार मजले एखाद्या पेटीसारखे एकत्र सरकणार आणि सगळं हलणं या खालच्या एका मजल्यात साठणार. कोकणी शेजारी याला ‘पांय बारीक, पोट व्हड’ म्हणतात; अभियंते मऊ मजला म्हणतात.

आणि हेच हलणं डँपरला हवं असतं, या मुद्द्यापाशी मला जरा थांबायचंय. डँपर वाकला तरच काम करतो आणि मजला सरकला तरच तो वाकतो. भिंतींनी भरलेल्या वरच्या मजल्यावर डँपर लावला तर तो शोभेचा, कारण तिथे तो वाकण्याइतकं काही सरकतच नाही. नव्या इमारतीत, आराखडा कागदावर असतानाच, जिना आणि लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती पायापासून वरपर्यंत नेल्या की बहुतेक प्रश्न मिटतो. गोव्यातल्या सात-आठ मजली इमारतीला तेवढं पुरतं आणि ते स्वस्तही पडतं. बांधून झालेल्या, माणसं राहत असलेल्या इमारतीत मात्र अशा भिंती नव्याने घालणं म्हणजे पाया उकरण्यापासून तयारी. तिथे पार्किंगच्या मजल्यात तिरपे आधार आणि त्यांच्या डोक्यावर डँपर हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो. लोकांना घरं सोडावी लागत नाहीत. काम खालीच, काही आठवड्यांचं.

असल्या इमारती गोव्यात नेमक्या कोणत्या काळातल्या, हेही बघण्यासारखं आहे. सळया कशा बांधाव्यात हे सांगणारी आयएस १३९२० ही संहिता १९९३ साली आली. पण तिसऱ्या पट्ट्यात ती मुख्यतः पाच मजल्यांहून उंच किंवा विशेष महत्त्वाच्या इमारतींनाच लागू होती. सगळ्यांना सक्तीची झाली ती २००२ मध्ये, भूजनंतर. पार्किंगच्या मोकळ्या मजल्यातले खांब अडीचपट जोराला पुरतील असे करा, हेही २००२ सालच्याच संहितेत आलं. म्हणजे ऐंशी आणि नव्वदच्या दशकात मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्कोत ज्या खांबांवरच्या चार मजली इमारती झाल्या, त्या कायद्याने अगदी रीतसर अशक्त आहेत. कोणी फसवलं असं नाही. तेव्हाचा नियमच तेवढा होता. आमची इमारत १९९७ ची. खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण पाच. नियमाच्या बरोब्बर अलीकडे.

आमच्या अकरा नंबरच्या खांबाचं प्लास्टर दोन पावसाळ्यांपूर्वी सुटलं. मी हातोडीने थोडं आणखी काढून आत बघितलं. रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना कवळणारे आडवे वेढे, आठ इंचांवर एक. त्यांची टोकं काटकोनात वाकवून नुसती टेकवलेली. भूकंपात खांबाचं बाहेरचं काँक्रीट निघालं की असली रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब चिरडतो. टोक १३५ अंशांत, म्हणजे आत काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेलं असेल तर रिंग धरून राहते. फरक एका वळणाचा, फिटरच्या हातातल्या पाच सेकंदांचा. आणि रिंगेवर गंज खारी बिस्किटासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलेला.

म्हणून डँपर लावला की झालं, असं मी म्हणणार नाही. तिरपे आधार शेजारच्या दोन खांबांना खाली दाबतात आणि वर उपटतात. ते खांब असे असतील तर आधी त्यांना जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळया-काँक्रीटचं आवरण, घालावं लागेल, पाया तपासावा लागेल, वरच्या बीमला डँपरचा जोर पेलेल का बघावं लागेल. डँपर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हा भाग नसतो. पण सगळ्या वीस खांबांना जबर जॅकेट घालण्यापेक्षा, चार ठिकाणी डँपर लावून त्यांच्या बाजूचे खांब पक्के करणं आणि बाकीच्यांना बेताचं बळ देणं हे बऱ्याचदा कमी खर्चात बसतं. हिशेब इमारतीगणिक बदलतो, सरसकट आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण आपल्या हवेची. उदाहरण घ्या, २० मिलिमीटर जाडीची डँपरची पट्टी. खारं वारं खाऊन दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गेली तर राहते १८. वाटतं दहा टक्केच गेलं. पण वाकण्यातलं बळ जाडीच्या वर्गावर असतं, त्यामुळे गेलं जवळपास १९ टक्के. गोव्याला हे शिकवायला नको. १९७० साली बांधलेला मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. काँक्रीटच्या आत ताणलेल्या तारा गंजल्या होत्या आणि बाहेरून कोणाला दिसल्या नाहीत. डँपरचं बरं हे की तो उघड्यावर असतो. पार्किंगमध्ये, डोळ्यांसमोर. रंग सुटला तर झाडूवाल्यालाही दिसेल. दर दोन वर्षांनी घासून रंगवला, बोल्ट तपासले, की झालं. पण हे ‘की झालं’ कोण करणार? ज्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायला तीन सभा लागतात तिथे?

याचं उत्तर लोकांच्या शहाणपणावर सोडता येत नाही. जपानमध्येही सोडून चाललं नाही. २०१८ साली तिथल्या एका मोठ्या कंपनीने तेलाच्या डँपरच्या चाचण्यांचे आकडे बदलल्याचं उघड झालं आणि जवळपास हजार इमारतींबद्दल शंका उभी राहिली. जपानात हे, तर आपल्याकडे स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट नावाचा, भक्कमपणाची जबाबदारी घेणारा कागद कसा मिळतो ते मी वेगळं सांगायला नको. माझ्याकडेही लोक येतात, “सर, फक्त सही पाहिजे” म्हणत. काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ मजूर गेले. भूकंप नव्हता, वारा नव्हता. कागद अशा इमारतीचेही असतात.

त्यामुळे डँपरची सुरुवात करायची तर ती सरकारने, सरकारच्या इमारतींपासून करावी असं मला वाटतं. भूजमध्ये २००१ ला जिल्हा रुग्णालयच पडलं, जखमींना न्यायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. नंतर ते नव्याने बांधताना खाली शिसं घातलेल्या रबराच्या बैठका दिल्या, हीही न्यूझीलंडचीच विद्या. आपल्याकडे रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं आणि आपत्तीत निवारा होणाऱ्या शाळा यांतल्या २००२ पूर्वीच्या, खालून मोकळ्या इमारती वेचून काढायला एका हंगामापेक्षा जास्त वेळ लागू नये. दोन-तीन ठिकाणी डँपर बसवावेत, मोजमापं आणि खर्च जाहीर करावा. गोव्यातल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यांना जहाजबांधणीमुळे जाड प्लेट कापायची, वेल्डिंग तपासून घ्यायची सवय आहे. मुरगावच्या आसपासच ही माणसं आहेत. पट्ट्यांसाठी लागणारं मऊ, ठरलेल्या बळाचं पोलाद तेवढं खात्रीचं मिळवावं लागेल आणि नमुना पट्टी यंत्रावर वाकवून दाखवावी लागेल.

खाजगी सोसायट्यांसाठी मात्र अनुदानापेक्षा मोठी गोष्ट एक सवलत आहे. ती कोणती, हे आमच्याच पार्किंगच्या नकाशावर मी आखून बघितलं तेव्हा कळलं. गाडी ज्या दिशेने आत येते तिला समांतर आधार अडचण करत नाहीत, ते दोन गाड्यांच्या मधल्या खांबांच्या रांगेत बसतात. आडव्या दिशेचे मागच्या कुंपणाकडे लपवता येतात. पण सगळे मागेच लावले तर धक्क्यात इमारत पिळवटेल. एक तरी पुढच्या रांगेत हवाच. आणि पुढच्या रांगेतला आधार म्हणजे एका स्लॉटचं तोंड बंद. आमच्या नकाशावर तो सहा नंबरचा स्लॉट. तो माझा आहे.

मी स्लॉट सोडायला तयार आहे असं म्हणणं सोपं आहे. पण मंजूर आराखड्यात जितक्या गाड्यांची जागा दाखवली, तितकी ठेवणं सोसायटीला बंधनकारक. एक स्लॉट बंद केला की उद्या कोणीतरी पंचायतीत किंवा पालिकेत तक्रार घालणार, आणि मग इमारत भक्कम केली म्हणून नोटीस यायची. नगर नियोजन खात्याने एवढं करावं: २००२ पूर्वीच्या इमारतींना, नोंदणीकृत अभियंत्याच्या हिशेबावर, मजबुतीसाठी गेलेले स्लॉट माफ करावेत. आणि त्या हिशेबाची दुसऱ्या, सोसायटीने न नेमलेल्या अभियंत्याकडून तपासणी सक्तीची करावी, म्हणजे ‘फक्त सही’चा धंदा इथेही शिरायला नको. वाढीव एफएआर, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, वगैरे काही मागू नये. ते मागितलं की वर आणखी एक मजला चढेल आणि खालचे खांब तेच राहतील.

पुढची सभा चतुर्थीनंतर आहे. विषयपत्रिकेवर मी लिहून दिलंय: अकरा नंबरचा आणि आणखी दोन खांब उघडून तपासण्याचा खर्च, प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी. डँपर हा शब्द मुद्दाम घातलेला नाही, खजिनदारांसाठी. सचिवांचा फोन आला होता, “खांब उघडल्यावर काही वाईट निघालं तर फ्लॅटचे भाव पडतील, त्याचं काय?” असं चौथ्या मजल्यावरचे विचारतायत म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्यांनी फ्लॅट विकायला काढलाय. त्यांच्या स्लॉटचा नंबर पाच.